उन्हात वेगळं दिसलेलं दार : नवी गाडी घरी आणण्याआधीची तपासणी

गाडी कशी पळते, किती ॲव्हरेज देते, हे सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. मला लिहायचंय ते गाडी घरी आणण्याआधीच्या तपासणीबद्दल, विक्रेते जिला पीडीआय म्हणतात तिच्याबद्दल. गाडी यार्डात येऊन उभी राहते आणि आपल्या नावावर नोंदली जाते, यांच्या मधे थोडे दिवस जातात. त्या दिवसांत विक्रेता ग्राहकाला गाडीच्या किती जवळ येऊ देतो, यावरून मी त्याला जोखते. आमच्या विक्रेत्याला पाचपैकी तीन तारे. त्याच्या वर्कशॉप मॅनेजरला वेगळे द्यायची सोय असती, तर साडेचार दिले असते. नाव कुणाचंच लिहीत नाही. मी जे पाहिलं ते पाहायला मिळावं म्हणून काय मागायचं आणि कुठे बघायचं, हे वाचणाऱ्याला कळलं तरी पुरे.

पहिल्या फोनवर विक्री विभागातला मुलगा म्हणाला, "मॅडम, आमचे लोक सगळं तपासूनच देतात. तुम्ही डिलिव्हरीच्या दिवशीच या ना, गाडी चकाचक करून ठेवतो." मी त्याला सांगितलं, मला गाडी नोंदणीआधी बघायची आहे, यार्डात बघायची आहे आणि दिवसा बघायची आहे. नोंदणी झाली की गाडी कागदोपत्री माझी. मग दोष सापडला तर दुरुस्ती मिळते, बदलून दुसरी गाडी मिळणं फार कठीण जातं. म्हणून उरलेली रक्कमही मी तपासणी झाल्यावरच भरणार होते आणि तसं आधीच सांगून ठेवलं होतं. साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने वेळ दिली ती संध्याकाळी साडेसहाची. मी सकाळी दहा मागितले. त्यासाठी आणखी दोन फोन करावे लागले. इतक्या साध्या मागणीला चार फोन लागायला नकोत, अर्धा तारा तिथेच गेला.

उजेडाबद्दल मी एवढी अडून का बसले, ते सांगते. मी छापखान्यात काम करते आणि रंग जुळवणं हेच माझं काम आहे. मंजूर झालेलं प्रूफ आणि मशीनवरून उतरलेला कागद शेजारी ठेवून शाई जास्त झाली की कमी, हे ठरवायचं. आमच्याकडे त्यासाठी ५००० केल्विनच्या प्रमाणित उजेडाचा वेगळा कोपरा असतो, कारण दोन रंग एका दिव्याखाली हुबेहूब जुळतात आणि दुसऱ्या दिव्याखाली नेले की फुटतात. घटक रंगद्रव्यं वेगळी असली की असं होतं. कागदाचं जे होतं, तेच पत्र्याच्या रंगाचंही होतं. शोरूमच्या झगझगीत दिव्यांखाली नवी गाडी देखणी दिसणारच, ते दिवे त्यासाठीच लावलेले असतात. रंगाची परीक्षा घ्यायची तर ऊन हवं.

ठरलेल्या सकाळी माझ्या बहिणीचा मुलगा बरोबर आला. तो गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समधला आहे. यार्डात गेलो तर गाडी नुकतीच धुतलेली, अंगावर पाण्याचे थेंब. पाण्याखाली बारीक ओरखडे दिसत नाहीत, ओला रंग एकसारखा भासतो. मी म्हटलं, गाडी वाळू दे, आम्ही थांबतो. धुणारा पोरगा लगेच कोरडं फडकं घेऊन धावला. त्याला मी हात जोडून थांबवलं. तेच फडकं त्याने आधी दुसऱ्या गाडीच्या चाकांवर फिरवलं होतं, आणि नव्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे उठतात ते अशाच फडक्यांतल्या वाळूच्या कणांनी. तो बिचारा सांगितलं तेच करत होता. त्याने नवं मायक्रोफायबर आणलं, आणि तोवर आम्ही कागद काढले.

सुरुवात चॅसी नंबरापासून केली. तो १७ अक्षरांचा असतो, आणि १ व ० शी गल्लत होऊ नये म्हणून त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात. बिलाच्या मसुद्यावरचा, गाडीच्या पट्टीवरचा आणि बॉडीवर ठोकलेला, असे तिन्ही नंबर आम्ही एकेक अक्षर मोठ्याने वाचून ताडले. छापखान्यात प्रूफ वाचताना एक जण वाचतो आणि दुसरा बघतो, तसंच. एकट्याने ताडताना डोळा पुढे पळतो आणि जे असायला हवं तेच वाचतो. मग इंजिन नंबर, उत्पादनाचा महिना, आणि ओडोमीटर: ९ किलोमीटर. शून्य कधीच नसतो. कारखान्यातली चाचणी, ट्रकवर चढणं-उतरणं, यार्डातली हलवाहलव यांत थोडे किलोमीटर होतातच. आकडा तीन अंकी निघाला असता, तर गाडी कुठे फिरली याचा खुलासा मागितला असता.

टायरच्या बाजूवर डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २२२५ असेल तर टायर २०२५ सालच्या २२व्या आठवड्यातला. पूर्ण कोड बहुतेक वेळा टायरच्या एकाच बाजूला असतो, त्यामुळे दोन चाकांचा आतल्या अंगाला गेला होता. भाच्याने मोबाइल चाकामागे धरून फोटो काढले. चारही टायर दोन-तीन आठवड्यांच्या अंतरातले निघाले, म्हणजे ठीक. स्टेपनी थोडी जुनी आणि दुसऱ्या कंपनीची होती, तेही बऱ्याचदा असतं. काचांच्या कोपऱ्यातले शिक्के बघितले, सगळ्या एकाच कंपनीच्या.

तोवर गाडी वाळली होती आणि ऊन तिच्या बाजूवर आलं होतं.

आधी मी लांबून बघितलं, दहा-बारा पावलांवरून, गाडीच्या मागच्या कोपऱ्यातून तिरकं. रंग मेटॅलिक राखाडी. अशा रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. फवारा मारताना ते कण ज्या कलाने बसतात, त्यावर समोरून उजळ आणि तिरकं बघताना गडद अशी रंगाची चाल ठरते. समोर उभं राहून बघितलं तेव्हा दोन्ही दारं सारखी होती. तिरकं बघितलं तेव्हा चालकामागचं दार जरासं काळवंडलं. मी बाजू बदलली, खाली वाकले, पुन्हा लांब गेले. दार प्रत्येक वेळी आपलं वेगळेपण दाखवत होतं. भाच्याला विचारलं, तर त्याला काही दिसेना. "मावशी, सावली असेल." मी त्याला गाडी दुसऱ्या दिशेला तोंड करून लावून घ्यायला सांगितलं. यार्डातल्या माणसाने गाडी वळवली. सावली दुसरीकडे गेली, दार तसंच राहिलं.

डोळ्यांवर माझा विश्वास आहे, पण समोरच्याला आकडा लागतो. भाच्याने रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणलं होतं. ते पत्र्यावर टेकवलं की रंगाचा थर किती मायक्रॉनचा आहे ते दाखवतं. कारखान्यातून आलेल्या रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. बॉनेट ११८, छप्पर ११२, पुढचं दार १२१, मागचा फेंडर १२६. संशयाच्या दारावर मधोमध २४८, खालच्या कडेला २७०. सहा ठिकाणी लावून बघितलं, एकदाही २३० च्या खाली आलं नाही. दोन थर. बंपरवर हे यंत्र लावण्यात अर्थ नाही. तो प्लॅस्टिकचा असतो आणि साधं यंत्र धातूवरच चालतं. बंपरची छटाही पत्र्यापेक्षा किंचित वेगळी दिसू शकते, कारण तो बहुधा वेगळा रंगवून बसवतात. तेवढ्यावरून भांडायला जाऊ नये.

आकडे मिळाल्यावर खुणाही सापडल्या. दाराच्या कडेचं रबर बोटाने अलगद मागे केलं, तर आत रंगाची एक बारीक कड लागली, चिकटपट्टी लावून फवारा मारल्यावर राहते तशी. रबराच्या आतल्या बाजूला राखाडी भुकटी बसली होती. बिजागरीच्या दोन बोल्टच्या कोपऱ्यांवर रंग तडकला होता, म्हणजे त्यांवर पाना फिरला होता. दाराची फट मात्र वरपासून खालपर्यंत सारखी होती. ज्याने काम केलं, त्याने मन लावून केलं होतं.

विक्रीवाला मुलगा म्हणाला, "मॅडम, कारखान्यातच टचअप झालं असेल." असं होतं, हे खरं आहे. उत्पादन चालू असताना रंगात दोष दिसला, तर कारखान्यात तो भाग पुन्हा रंगवतात. मी म्हटलं, मग तसं लेखी द्या, कुठल्या तारखेला आणि का रंगवलं ते. तो आत गेला आणि बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा बरोबर वर्कशॉप मॅनेजर होते. पन्नाशीचे, हाताला ग्रीस. त्यांनी काही न विचारता दाराजवळ बसून रबर मागे केलं, बोल्ट बघितले, यंत्रावरचा आकडा स्वतः घेतला. उठले आणि म्हणाले, "ताई, हे दार रंगवलेलं आहे. ट्रकवरून उतरवताना लागलं असणार. ही गाडी तुम्ही घेऊ नका, मी दुसरी मागवतो."

इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. भांडायची तयारी करून गेले होते, ती सगळी मनातच राहिली. विक्री विभागाने मात्र त्यानंतरही दोनदा विचारलं की याच गाडीवर वॉरंटी वाढवून दिली तर चालेल का. नाही चालणार. रंगवलेलं दार गंजेल की नाही याची खात्री आज कुणी देऊ शकत नाही, आणि उद्या मी गाडी विकायला काढली की घेणाराही असंच यंत्र टेकवेल. त्याला मी काय सांगू?

दुसरी गाडी यायला सोळा दिवस लागले. यावेळी फोन एकच झाला. मॅनेजरांनी स्वतः करून विचारलं, "सकाळी दहा ना?"

या गाडीचा रंग उन्हात सगळीकडून एकजीव होता, यंत्राचे आकडे १०८ ते १३० मधे. त्यामुळे वेळ बाकीच्या गोष्टींना देता आला. टायरमधली हवा ४४ पीएसआय निघाली, दाराच्या खांबावरच्या तक्त्यात ३३ लिहिलेलं. वाहतुकीत गाडी दिवसेंदिवस एका जागी बांधलेली असते, टायर एका बाजूने चपटे पडू नयेत म्हणून हवा जास्त भरतात. ती उतरवणं हे विक्रेत्याच्या तपासणीतलंच काम. आणि त्यांच्या छापील यादीत त्या ओळीपुढे टिक आधीच मारलेली होती! मॅनेजरांनी यादी बघितली आणि ज्याने टिक मारली त्याला बोलावून माझ्यासमोरच हवा काढायला लावली. त्या मुलाचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, पण टिक मारलेली यादी बघून जास्त वाईट वाटलं. ११ पीएसआय जास्त हवेवर पहिल्याच दिवशी कुणी पावसात ब्रेक मारला असता तर?

ब्रेकच्या चकत्यांवर नारिंगी गंज दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. ते ओतीव लोखंड असतं, धुतल्यावर किंवा दमट हवेत उभं राहिल्यावर एका रात्रीतही असा थर येतो, आणि चार-पाच वेळा ब्रेक दाबला की निघतो. त्यांनी यार्डातच पुढे-मागे करून दाखवलं. चकत्या चकाकल्या.

बॅटरीचा मामला जास्त गंभीर होता. भाच्याने मीटर लावला तर १२.१ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या आसपास दाखवते, १२.१ म्हणजे निम्म्याहून कमी. यार्डात गाडी आठवडेच्या आठवडे उभी असते, अलार्म आणि कॉम्प्युटर थोडा थोडा करंट ओढत राहतात. शिसे-आम्लाची बॅटरी अशी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट जमतं आणि तिची ताकद कायमची घटते. पहिल्या वर्षात बॅटरी बसली की लोक गाडीला दोष देतात, पण दुखणं यार्डातलं असतं. मॅनेजर म्हणाले, चार्ज करून देतो. भाच्याने सांगितलं, चार्जरवरून काढल्या काढल्या मोजू नका, वरवरचा चार्ज आकडा फुगवतो. रात्रभर ठेवून मोजा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मीटरचा फोटो पाठवला, १२.६४. वर्कशॉपच्या ताऱ्यांपैकी अर्धा तारा या फोटोचा आहे.

मग इंजिन न लावता नुसतं इग्निशन चालू करून दिवे बघितले. एअरबॅग, एबीएस, इंजिन, सगळे पेटले पाहिजेत आणि मग आपल्या वेळेने विझले पाहिजेत, इंजिनचा दिवा बहुधा इंजिन चालू केल्यावरच. दिवा पेटलाच नाही तर लोकांना बरं वाटतं, खरं तर तोही दोषच. भाच्याने परवानगी घेऊन डॅशबोर्डखालच्या सॉकेटला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणारं यंत्र, लावला. दोषाचा एकही कोड नव्हता. बॉनेटखाली तेल, कूलंट, ब्रेक ऑइल खुणांच्या मधे. एअर फिल्टरचा डबा उघडून उंदराने घर केलं नाही ना, तेही बघितलं. पायपुसण्यांखालचा कार्पेट हाताने दाबून ओल तपासली, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घातला, आणि पाचही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिले. गाडीत पाणी शिरलेलं असेल, तर ती सगळं लपवेल, बेल्टच्या आतल्या टोकावरचा मातीचा डाग लपवणार नाही.

काचा, वायपर, एसी, मागचा कॅमेरा सगळं चाललं. मागच्या काचेचं पाणी उडत नव्हतं, नळी सांध्यातून निसटली होती, ती दोन मिनिटांत बसली.

विक्री विभागाने फुकटात सीट कव्हर देऊ केली, मी घेतली नाहीत. पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅगची पट्टी शिवलेली आहे, म्हणजे बाजूची एअरबॅग सीटमधूनच उघडते. तिच्या वाटेची शिवण न ठेवलेलं जाड कव्हर चढवलं, तर ती अडू शकते. रंगावरचं कोटिंगही मी तपासणी होईपर्यंत थांबवलं होतं. कोटिंगआधी पॉलिश मारतात आणि त्यात पुष्कळ पुरावा पुसला जातो. हे दोन्ही नकार त्यांनी कुरकुर न करता मानले.

डिलिव्हरीच्या दिवशी पंधरा मिनिटं पुन्हा दिली. चॅसी नंबर, ओडोमीटर, दोन्ही किल्ल्या, जॅक, पाना, टो करायचा हुक. ओडोमीटर २३ वरून ३१ झाला होता, यार्ड ते शोरूम एवढंच अंतर आहे. रंग पुन्हा उन्हात बघितला.

निघण्याआधी मॅनेजरांना भेटायला मागे यार्डात गेले. ती पहिली गाडी तिथेच उभी होती, स्वच्छ धुतलेली, आणि आरशाला डिलिव्हरीची तारीख लिहिलेलं कार्ड लटकत होतं. मी विक्रीवाल्या मुलाला विचारलं, "ज्यांची आहे त्यांना दाराचं सांगितलंय का?" तो म्हणाला, "सांगतील मॅडम." कोण सांगेल, कधी सांगेल, हे त्याला सांगता येईना. उरलेले दीड तारे मी इथे कापलेत. मॅनेजर आले, त्यांना मी कार्ड दाखवलं. ते क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कार्ड काढून खिशात ठेवलं, मुलाकडून गाडीची फाइल मागून घेतली आणि वरच्याच कागदावर दाराचे आकडे लिहायला लागले. २४८ त्यांना आठवत होतं, कडेचा आकडा त्यांनी मला विचारला.